शेवट सांगायचा नाही

अशोक चौकातून आत, तिसऱ्या बोळात,
गाजूलमामाच्या कारखान्याच्या पायरीवर
आमचं भांडण रोज नऊला सुरू व्हायचं :
नीलकवच भारी, का विजांक?

रेवणसिद्ध म्हणायचा, "विजांकच बे.
एका बोटात अख्खं धरण पेटवतो."
"धरण पेटत नसतंय येड्या, पाणी असतंय त्यात."
"म्हणूनच तर पावर म्हणायचं की त्याला."

श्रावंती समोरच्या उंबऱ्यावर, मांडीवर सूप,
विड्या आईच्या नावावर, बोटं हिची.
मान वर न करता विचारायची,
"गेममध्ये ह्याची ताकद नव्वद,
आणि सिरीजमध्ये साध्या सुतळीनं बांधतात.
कसं काय?"
रेवणकडे उत्तर नसायचं.
तो कार्टूनवर घसरायचा, लहानपणच्या,
ज्यात विजांकला शेपूट होतं.

मी नीलकवचाच्या बाजूचा.
का, ते कुणाला सांगितलं नव्हतं.
पहिल्या भागात पुलावरून उडी घेण्याआधी
तो जरासा मागं सरकतो.
भितो.
हे फक्त मलाच दिसलंय असं वाटायचं,
तर एकदा श्रावंती म्हणाली,
"तेवढंच मी परत परत बघते."

मामा एका रात्री माग थांबवून दारात आला.
कानात अजून खडखड, म्हणून ओरडूनच बोलला,
"त्याच्या पाठीवरचं ते कापड किती पन्ह्याचं?"
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
"एवढं फडकतंय म्हणजे वजनाला हलकं.
आणि काठ दुमडलेला नाही.
दोन धुण्यात उसवणार."
मग आत वळता वळता,
"असलं लोंबतं घालून चालू मागापाशी आला ना,
तुमचा हिरो गेलाच म्हणून समजा."

शेवटचा भाग शुक्रवारी रात्री बाराला आला.
मौलाली तेव्हा टॉवेलच्या कारखान्यात,
रात्रपाळी, फोन गेटवर जमा.
जाताना बजावून गेला होता,
"सुट्टी मंगळवारी. तोवर एक शब्द बोलायचा नाही."

तर चार दिवस आम्ही बोललो नाही.
रेवणनं तोंड बंद राहावं म्हणून
कडक भाकरी आणि शेंगाचटणी कोंबून ठेवली गालात.
मौलाली आला की आम्ही पाण्यावर बोलायचो.
कधी येणार, किती वेळ येणार, मोटर कुणी लावली.
सोलापुरात हा विषय संपत नाही,
नळाच्या कृपेनं वाचलो.

मंगळवारी त्याला मधोमध बसवलं.
पडद्याकडे आमच्यातलं कुणी बघतच नव्हतं,
सगळे त्याच्या तोंडाकडे.
पूल कोसळला, धूर झाला,
नीलकवच दिसेनासा झाला,
आणि मौलालीची पापणीसुद्धा हलली नाही.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.
"शुक्रवारीच. सुपरवायझरनं सांगून टाकलं, डबा खाताना."
"मग चार दिवस पाणी पाणी काय करत बसलास बे?"
"तुम्ही एवढे गप कधी बघितले नव्हते," म्हणाला.
"बरं वाटत होतं."

रेवणनं त्याला पायरीवरून ढकललं.
मग पुन्हा तेच : मेला का वाचला,
पुढचा सीझन येणार का,
विजांक मदतीला का आला नाही,
श्रावंतीचं सूप कलंडलं, तंबाखू सांडली,
तरी ती हात नाचवत सांगत होती
की मेलेल्याचा आवाज शेवटी ऐकू कसा येईल.

माग थांबला.
"कापडाचं काय झालं शेवटी?" मामानं विचारलं.

कुणी बघितलंच नव्हतं.
मागं नेलं. अजून थोडं मागं.
धूर विरतो तिथे थांबवलं :
पुलाच्या तुटक्या कठड्याला
निळं कापड अडकलेलं.

मामानं चष्मा पुसला,
फोन नाकाशी धरला.
बराच वेळ.

"काठ दुमडलाय की," म्हणाला.
"हाताची टीप आहे.
कुणीतरी बसून शिवलंय."